लिनक्सची इमेज कार्डावर उतरवताना

नखाएवढ्या मेमरी कार्डात संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम मावते, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाच्या आकाराचा संगणक विक्रीस आला. तोवर कारखान्यांतील यंत्रे, राउटर आणि सेट-टॉप बॉक्स यांच्या पोटात दडून बसलेले 'एम्बेडेड लिनक्स' त्यानंतर विद्यार्थ्यांच्या टेबलावर आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून असा बोर्ड घरी आणणाऱ्याला पहिली अडचण मात्र ठरलेली असते. वीज जोडली की लाल दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. बोर्डावर हार्ड डिस्क नसते आणि ऑपरेटिंग सिस्टीमही आधीपासून भरलेली नसते. ती दुसऱ्या संगणकाच्या साह्याने कार्डावर उतरवून द्यावी लागते.

काम पाच-दहा मिनिटांचे आहे. या क्षेत्रातील मंडळी त्याला 'कार्ड फ्लॅश करणे' म्हणतात. मात्र या कामात एखादे अक्षर चुकले तर कार्ड बाजूला राहते आणि ज्या संगणकावरून आपण ते लिहीत आहोत त्याचीच डिस्क पुसली जाते. तेथे 'रिसायकल बिन' नसतो आणि 'अनडू'ची सोयही नसते. त्यामुळे आज्ञा पाठ करण्यापूर्वी त्या नेमके काय करतात, हे जाणून घेणे हिताचे ठरते.

फाइल नव्हे, अख्खी डिस्क

नवख्यांचा सर्वांत सामान्य गैरसमज असा, की संकेतस्थळावरून उतरवून घेतलेली इमेज फाइल कार्डावर 'कॉपी-पेस्ट' केली की काम झाले. तसे केल्यास कार्डावर एक मोठी फाइल तेवढी दिसते. बोर्ड सुरू होत नाही. याचे कारण इमेज या शब्दातच आहे. ट्रंकेत कपडे ठेवणे वेगळे आणि कपड्यांसह, कप्प्यांसह, कुलपासह त्या ट्रंकेची हुबेहूब प्रतिकृती करणे वेगळे. इमेज ही अशी प्रतिकृती असते. डिस्कच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे काही आहे, ते त्याच क्रमाने तिच्यात साठवलेले असते.

त्यातील पहिल्या ५१२ बाइटना फार महत्त्व आहे. जुन्या आणि आजही प्रचलित असलेल्या मास्टर बूट रेकॉर्ड पद्धतीत यांपैकी ४४६ बाइट प्रारंभिक प्रोग्रामसाठी राखलेले असतात. त्यापुढे प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदींमध्ये डिस्कचे विभाग कोठे सुरू होतात आणि किती लांबीचे आहेत हे लिहिलेले असते. शेवटच्या दोन बाइटमध्ये षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए ही खूण असते. हे सारे कोणत्याही फाइलच्या आत नसते. ते फाइलींच्या बाहेर, डिस्कच्या उंबरठ्यावर असते, आणि म्हणूनच साध्या कॉपीने तेथे पोहोचता येत नाही.

इमेज संपूर्ण डिस्कवर उतरवायची असते, एखाद्या विभागावर नाही, ही गोष्टही यातूनच निघते. लिनक्समध्ये 'एसडीबी' हे अख्ख्या डिस्कचे नाव, तर 'एसडीबी१' हे तिच्या पहिल्या विभागाचे. शेवटचा एक आकडा चुकून लिहिला गेला, तर विभागांची ही सगळी यादी पहिल्या विभागाच्या आत जाऊन बसते. लेखन विनातक्रार पूर्ण होते, पण बोर्ड सुरू होत नाही आणि कारणही चटकन सापडत नाही.

आधी कोण जागे होते?

वीज जोडल्यावर लिनक्स लगेच सुरू होत नाही. मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला, पुढे कधीही न बदलता येणारा एक छोटासा प्रोग्राम असतो. त्याला बूट रॉम म्हणतात. पुढचा प्रोग्राम कोठे शोधायचा, एवढेच त्याला ठाऊक असते. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये आधी मुख्य प्रोसेसर नव्हे, तर चित्रप्रक्रिया करणारा भाग जागा होतो. तो कार्डावरील फॅट पद्धतीच्या विभागातून 'बूटकोड' नावाची फाइल उचलतो, ती पुढची फाइल उचलते आणि अखेरीस लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल स्मृतीत येतो. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ पासून ही पहिली पायरी कार्डावरून बोर्डावरच्या एका वेगळ्या चिपमध्ये हलवण्यात आली.

इतर काही कंपन्यांच्या चिपना फाइलींशी देणेघेणे नसते. त्या थेट जागा पाहतात. ऑलविनरच्या चिप कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइटवर पाहतात, रॉकचिपच्या ३२ किलोबाइटवर, तर आय-एमएक्स ६ ही चिप १ किलोबाइटवर. विभागांची यादी आणि पहिला विभाग यांच्यामधील मोकळ्या पट्ट्यात ही जागा येते, आणि तेथे बहुधा यू-बूट हा मुक्त प्रारंभक ठेवलेला असतो. एका बोर्डासाठी तयार केलेली इमेज दुसऱ्या बोर्डावर चालत नाही, यामागे हे मोठे कारण आहे. दोन्ही बोर्ड एआरएम जातीचे असले, तरी ते पुढचा प्रोग्राम वेगवेगळ्या ठिकाणी शोधतात.

बूट रॉम बदलता येत नसल्याचा एक फायदाही आहे. कार्डावर काहीही बिघडवले तरी बोर्ड स्वतः बिघडत नाही; कार्ड काढून पुन्हा लिहिता येते. राउटरमध्ये प्रारंभक ज्या फ्लॅश चिपवर असतो ती बोर्डालाच डकवलेली असते. तेथे लेखन अर्धवट राहिले तर यंत्राची 'वीट' होते, हा शब्दप्रयोग राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी घालून पाहणाऱ्यांना चांगलाच परिचित आहे. बीगलबोन ब्लॅक या २०१३ च्या बोर्डाने मधला मार्ग काढला. त्यावर ई-एमएमसी ही जडवलेली स्मृती आहे, पण एक बटण दाबून धरून वीज दिली तर तो कार्डावरून सुरू होतो आणि आतली स्मृती पुन्हा भरता येते.

नावांचा घोळ

आता सर्वांत जोखमीच्या भागाकडे वळू. लिनक्समध्ये डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावे मिळतात. यातील 'एसडी' या अक्षरांचा मेमरी कार्डाच्या 'एसडी'शी काहीही संबंध नाही. स्कझी डिस्क या जुन्या प्रकारावरून ती आली. नवख्या माणसाला 'एसडीए' हे नाव कार्डाचेच वाटते, आणि बऱ्याच संगणकांवर ते नेमके मुख्य हार्ड डिस्कचे असते. नावे ठरवणाऱ्यांना या योगायोगाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. किंमत मात्र वापरणाऱ्याला मोजावी लागते.

त्यातही एकच एक नियम नाही. लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत घातलेले कार्ड बहुधा 'एमएमसीबीएलके०' या नावाने दिसते. तेच कार्ड यूएसबी रीडरमधून लावले तर 'एसडीबी' होते. नव्या लॅपटॉपमधील एनव्हीएमई डिस्कचे नाव वेगळ्याच धर्तीचे असते, त्यामुळे 'एसडीए' हे नाव मोकळे राहते आणि ते यूएसबी रीडरला मिळते. म्हणजे घरच्या नव्या लॅपटॉपवर 'एसडीए'वर लिहिण्याची सवय लागलेला विद्यार्थी महाविद्यालयातील जुन्या संगणकावर तीच आज्ञा देतो, तेव्हा तेथील मुख्य डिस्क पुसली जाते. आज्ञा कालचीच असते, संगणक तेवढा बदललेला असतो. शिवाय ही नावे साधने ज्या क्रमाने जोडली जातात त्या क्रमानेही बदलतात. कार्ड काढून पुन्हा घातले की नाव पुन्हा तपासावे.

खात्रीचा उपाय साधा आहे. कार्ड लावण्यापूर्वी 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्यावी, कार्ड लावून ती पुन्हा द्यावी आणि यादीत नव्याने काय आले ते पाहावे. सोबत आकारही ताडून पाहावा. वेष्टनावर ३२ जीबी लिहिलेले कार्ड येथे सुमारे २९.८ दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि ही आज्ञा १०२४ च्या. पाचशे-हजाराच्या घरातला आकडा दिसला तर हात आखडता घ्यावा. मॅकवर हेच काम 'डिस्कयुटिल लिस्ट' करते. जोडलेल्या अन्य बाह्य डिस्क आधीच काढून ठेवणे, ही याहूनही भली सवय.

ज्यांना आज्ञांच्या वाटेला जायचेच नाही, त्यांच्यासाठी बलेना एचर आणि मार्च २०२० मध्ये आलेला रास्पबेरी पाय इमेजर हे चित्रमय प्रोग्राम आहेत. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतात. एचर संगणकाची स्वतःची डिस्क सहजी निवडू देत नाही. पण यूएसबीला जोडलेली, वर्षानुवर्षांचे फोटो साठवलेली बाह्य हार्ड डिस्क अशा प्रोग्रामच्या दृष्टीने 'काढता येणारे साधन' असू शकते आणि ती कार्डाच्या शेजारी यादीत झळकू शकते. सोयीचा प्रोग्राम वापरला तरी आकार वाचायचा तो आपणच.

दोन अक्षरांची आज्ञा

आज्ञांच्या जगात या कामासाठी पन्नासेक वर्षे जुनी 'डीडी' ही आज्ञा वापरली जाते. आयबीएमच्या महाकाय संगणकांवरील जॉब कंट्रोल लँग्वेजमध्ये 'डेटा डेफिनिशन' नावाचे विधान असे. नाव तेथून आले आणि इतर युनिक्स आज्ञांशी न जुळणारी तिची विचित्र धाटणीही तेथूनच. जाणकार तिला विनोदाने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. हा विनोद अनुभवातून आला असावा.

तिला मुख्यतः दोन गोष्टी सांगायच्या असतात. 'आय-एफ' म्हणजे कोठून वाचायचे आणि 'ओ-एफ' म्हणजे कोठे लिहायचे. 'आय' आणि 'ओ' ही अक्षरे की-बोर्डवर एकमेकांच्या शेजारी आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे. चालू असलेल्या कार्डाचा बॅकअप घेताना ती अदलाबदल झाली आणि त्याच नावाची जुनी बॅकअप फाइल तेथे असली, तर ती जुनी फाइल कार्डावर लिहिली जाते आणि मधल्या काळातील काम नाहीसे होते. 'डीडी' खात्री करून घेण्यासाठी एकही प्रश्न विचारत नाही. प्रशासकाचा अधिकार देणारा 'सुडो' शब्द आज्ञेपुढे लावला की उरलेला अडसरही दूर होतो.

आणखी तीन बाबी आज्ञेत घालाव्यात. काहीही न सांगितल्यास 'डीडी' एका वेळी ५१२ बाइटच हलवते, त्यामुळे काम रेंगाळते; 'बीएस' या शब्दापुढे ४ एमबी दिले की वेग बराच वाढतो. 'स्टेटस' या शब्दापुढे 'प्रोग्रेस' लिहिले की किती लेखन झाले ते दिसत राहते. ग्नूच्या आज्ञासंचात ही सोय २०१५ मध्ये आली. तिसरी बाब 'कॉन्व्ह' या शब्दापुढील 'एफसिंक'ची. तिचा खुलासा पुढे येईल. आज्ञा देण्यापूर्वी कार्डाचे विभाग 'अनमाउंट' करावेत, अन्यथा डेस्कटॉप प्रणाली त्याच कार्डावर आपल्या नोंदी लिहीत राहू शकते. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या प्राथमिक आज्ञांचे पाठ मराठीतूनही आहेत. टर्मिनलची धास्ती वाटणाऱ्यांनी तेथून आरंभ करावा.

इमेज बहुतेकदा एक्सझेड, जीझिप किंवा झिप पद्धतीने आवळलेली येते. एचर आणि इमेजर ती आपोआप उलगडतात. 'डीडी'ला आवळलेली फाइल दिली तर ती तशीच कार्डावर ओतली जाते आणि निरुपयोगी ठरते.

लेखनाआधीची आणि नंतरची पडताळणी

उतरवून घेतलेली फाइल शाबूत आहे की नाही, हे एसएचए-२५६ बेरजेवरून कळते. ही ६४ चिन्हांची ओळ फाइलमधील एक बिट बदलला तरी पार बदलते. मात्र ती ज्या संकेतस्थळावरून घेतली ते संकेतस्थळच कुणी ताब्यात घेतले असेल तर बेरीजही बदललेली असू शकते. ही भीती काल्पनिक नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी करून १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा चोरदरवाजा बसवलेल्या फाइलकडे वळवण्यात आला होता. म्हणून जेथे जीपीजी स्वाक्षरी दिलेली असते तेथे तीही तपासावी.

'डीडी'ने काम संपल्याचे सांगितले म्हणजे कार्डावर सारे पोहोचले असे नव्हे. लिनक्स लिहायचा मजकूर आधी स्मृतीत साठवतो आणि सवडीने कार्डावर ढकलतो. त्या वेळी कार्ड उपटले तर शेवटचा भाग हवेतच राहतो. 'एफसिंक' सांगितले असेल तर शेवटचा बाइट साधनाकडे सोपवला जाईपर्यंत आज्ञा परतत नाही. त्यानंतर कार्डावरून परत वाचून मूळ फाइलशी तुलना करावी. मात्र इमेजच्या लांबीइतकीच. पुढे कार्डावर जुना मजकूर असतो आणि तो जुळणार नाहीच. एचर आणि इमेजर ही तुलना आपणहून करतात.

विंडोज वापरणाऱ्यांनी एका प्रश्नापासून सावध राहावे. लेखन पूर्ण झाल्यावर 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' अशी खिडकी उघडू शकते. लिनक्सचा एक्स्ट४ विभाग विंडोजला वाचता येत नाही, एवढाच तिचा अर्थ असतो. 'होय' म्हटल्यास नुकतीच उतरवलेली प्रणाली पुसली जाते.

पडताळणी वारंवार फसत असेल तर कार्डाकडे पाहावे. आतील चिप ८ जीबीची आणि सांगितलेला आकार ६४ जीबी, अशी बनावट कार्डे बाजारात असतात. ती लेखन निमूट स्वीकारतात आणि मर्यादेपलीकडचे गिळून टाकतात. लिनक्सवरील 'एफ३' हा प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून परत वाचतो आणि खरा आकार सांगतो. कार्डावरील 'क्लास १०' ही खूण कॅमेऱ्याच्या सलग लेखनासाठी आहे. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र इकडे-तिकडे विखुरलेले छोटे लेखन करते. त्यासाठी २०१६ मध्ये आलेली 'ए१' ही खूण अधिक उपयुक्त. सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचने आणि ५०० लेखने, असा तिचा अर्थ आहे.

चुकीच्या डिस्कवर लेखन सुरू झालेच तर

प्रथम कंट्रोल आणि सी दाबून आज्ञा थांबवावी. त्यानंतर संगणक बंद करू नये, हे अनेकांना उलटे वाटेल. चालू कर्नलच्या स्मृतीत विभागांचे जुने आरंभ आणि लांबी अजून शिल्लक असतात. 'सिस' या निर्देशिकेतील 'ब्लॉक' भागातून ते आकडे उतरवून घेता येतात. संगणक पुन्हा सुरू केला की तेही जातात. नव्या जीपीटी पद्धतीत विभागांच्या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. लेखन सुरुवातीच्या काही गिगाबाइटवर थांबले असेल तर यादी त्या प्रतीवरून उभी करता येते. टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे मुक्त प्रोग्राम पुढील शोधासाठी आहेत. ज्या भागावर नवे लिहिले गेले तो मात्र परत येत नाही, आणि दुर्दैवाने 'डीडी' सुरुवातीपासूनच लिहीत जाते.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर

इमेज मुद्दाम लहान ठेवलेली असते. रास्पबेरी पायची प्रणाली पहिल्याच वेळी आपला विभाग कार्डाच्या टोकापर्यंत पसरवून घेते. या वेळी वीज जाऊ देऊ नये. भारनियमन असलेल्या गावांत यूपीएस किंवा पॉवर बँकेची सोय आधी करावी.

मग प्रश्न येतो पासवर्डचा. अनेक वर्षे रास्पबेरी पायच्या प्रत्येक इमेजमध्ये 'पाय' हा वापरकर्ता आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड ठरलेला होता. एकच इमेज लाखो कार्डांवर गेली की एकच किल्ली लाखो घरांना लागते. २०१६ मध्ये मिराय या घातक प्रोग्रामने कारखान्यातून येणारे असे सुमारे साठ पासवर्ड आजमावत कॅमेरे आणि व्हिडिओ रेकॉर्डर काबीज केले, आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील डिन या कंपनीवरील हल्ल्यात अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रास्पबेरी पायने दुरून प्रवेश देणारी एसएसएच सेवा मुळातच बंद ठेवण्यास सुरुवात केली आणि एप्रिल २०२२ मध्ये ठरलेला वापरकर्ताही काढून टाकला. आता नाव आणि पासवर्ड इमेजरमध्ये कार्ड लिहितानाच भरता येतात.

प्रयोगशाळेसाठी एक कार्ड सिद्ध करून त्याच्या तीस प्रती काढणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट अवश्य करावी. एकदा सुरू झालेल्या कार्डावर एसएसएचच्या खासगी किल्ल्या आणि 'मशीन-आयडी' ही ओळख तयार झालेली असते. ते कार्ड जसेच्या तसे उतरवले तर तीसही बोर्ड एकमेकांची जुळी भावंडे होतात, आणि एकाची किल्ली हाती लागलेला विद्यार्थी नेटवर्कवर इतर कोणत्याही बोर्डाचे सोंग घेऊ शकतो. मूळ कार्डाची इमेज घेण्यापूर्वी 'ईटीसी' निर्देशिकेतील 'एसएसएच' भागातल्या यजमान-किल्ल्या पुसाव्यात, 'मशीन-आयडी' ही फाइल न काढता रिकामी करावी आणि किल्ल्या पुन्हा निर्माण करणारी सेवा पुढच्या आरंभासाठी चालू ठेवून मगच कार्ड काढावे. प्रती तयार झाल्यावर दोन बोर्ड सुरू करून त्यांच्या किल्ल्यांचे ठसे वेगळे दिसतात की नाही, हे 'एसएसएच-कीजेन' या आज्ञेने पाहता येते.